फॅटी लिव्हर आणि हार्ट फेल्युअर: पायांची सूज नेमकी कशामुळे?

प्रश्न परभणी जिल्ह्यातून आलाय, मुलाने वडिलांसाठी विचारलाय. वडील ५८ वर्षांचे. दहा वर्षांपासून शुगर आणि बीपी. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. शेती आहे, पण आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' निघालं. चार महिन्यांपासून संध्याकाळी पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ (हृदय किती रक्त बाहेर टाकतं त्याचा आकडा) ६० टक्के, सोबत 'ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन' (भरताना हृदय सैल होण्यात कसर) असा शेरा. हृदय ठीक आहे, सूज लिव्हरची आहे असं सांगून त्यांना लिव्हरचं टॉनिक सुरू केलंय. आता मुलाने कुठेतरी वाचलं की फॅटी लिव्हरमुळे हार्ट फेल्युअर होतं. हे खरं का, आणि पुढे काय करायचं?

रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी दोन्ही पाठवलीत, हे फार बरं केलंत. त्यामुळे मोघम बोलायची वेळ येत नाही.

पहिली गोष्ट, नुसत्या फॅटी लिव्हरने पाय सुजत नाहीत. ग्रेड १ असो, २ असो की ३. लिव्हरमुळे अंगावर पाणी चढायला सिरॉसिस व्हावा लागतो, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक व्हावं लागतं, आणि तेव्हाही सहसा आधी पोटात पाणी होतं, मग ते पायांवर उतरतं. त्या अवस्थेत रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन घसरलेलं असतं, प्लेटलेट कमी झालेल्या असतात, प्लीहा वाढलेली दिसते. तुमच्या वडिलांचं अल्ब्युमिन ४.१, प्लेटलेट १ लाख ९० हजार आणि सोनोग्राफीत प्लीहा नॉर्मल. ही सूज लिव्हरच्या नावावर टाकायला काही आधार दिसत नाही. टॉनिकने ती उतरणार नाही.

मग ती कशाची? मला तीन गोष्टींचा संशय आहे, आणि त्यातल्या दोन गोळ्यांच्या पिशवीतच आहेत.

यादीत अम्लोडिपिन १० मिलिग्रॅम आहे. बीपीची ही चांगली आणि स्वस्त गोळी, पण ५ वरून १० केली की बऱ्याच जणांच्या घोट्याशी सूज येते. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, एवढंच तिचं कारण. या सुजेसोबत दम लागत नाही आणि लघवीच्या गोळीने ती फारशी हटतही नाही. डोस कमी करून टेल्मिसार्टनसारखं औषध जोडलं की बहुधा उतरते.

दुसरी जास्त महत्त्वाची. शुगरची जी गोळी चालू आहे ती तीन औषधांची मिळून आहे: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन. आपल्याकडे हे त्रिकूट सर्रास लिहिलं जातं, आणि पेशंट 'एक गोळी खातो' म्हणून सांगतो तेव्हा त्यात काय काय आहे हे त्याला माहीत नसतं. गंमत अशी की पायोग्लिटाझोन फॅटी लिव्हरसाठी खरोखर उपयोगी आहे. लिव्हरमधली चरबी आणि दाह दोन्ही त्याने कमी होतात. पण ते मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. हार्ट फेल्युअर असलेल्या माणसाला ते देऊ नये, आणि ज्याला नाही पण होण्याच्या काठावर आहे त्याच्यात ते उघड करू शकतं. सोबत इन्सुलिन असेल तर सूज आणखी वाढते. २०१३च्या जूनमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून सरकारने या औषधावर बंदी आणली आणि पुढच्याच महिन्यात ठळक इशारा छापायच्या अटीवर उठवली. त्या गदारोळात कॅन्सरचं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, हृदयाचं मागे पडलं. लिव्हरचा विचार करून दिलेली गोळी हृदयाला महागात पडू शकते, हे तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उदाहरण आहे. ती स्वतःहून बंद करून मोकळे होऊ नका, शुगर चढेल. पण या आठवड्यातच डॉक्टरांना स्ट्रिप दाखवून 'सूज आणि दम आहे, हे बदलायचं का?' असं स्पष्ट विचारा.

तिसरा संशय हृदयावर. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं किंवा अटॅक येणं असं धरून घाबरू नका. शरीराला लागेल तेवढं रक्त हृदय सहजपणे पुरवू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ईएफ ६० टक्के याचा अर्थ डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी ६० टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडतं. आकुंचन चांगलं आहे. पण तो कप्पा भरताना किती सैल होतो, हे ईएफ सांगत नाही. स्नायू कडक झाला असेल तर भरण्यासाठी आतला दाब वाढवावा लागतो, तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत जातो आणि जिन्यावर दम लागतो. ईएफ ५० किंवा त्याहून जास्त असूनही हार्ट फेल्युअर असणारे रुग्ण एकूण रुग्णांच्या निम्म्याच्या आसपास असतात. शुगर, बीपी, सुटलेलं पोट आणि फॅटी लिव्हर हे नेमके त्यांचेच सोबती. म्हणून 'ईएफ चांगला, हृदय ठीक' हे वाक्य दम लागणाऱ्या माणसाला सांगणं मला पटत नाही.

उलट 'ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन' वाचून धास्तावूही नका. पंचावन्न-साठीनंतर निम्म्याअधिक रिपोर्टांत तो शेरा असतो. नुसत्या त्या शेऱ्याने आजार ठरत नाही. इकोच्या कागदावर हृदय भरतानाच्या दाबाचा अंदाज देणारे तीन आकडे शोधा. ई बाय ई प्राइम (E/e') सरासरी १४च्या वर आहे का, डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान शरीराच्या मापाने ३४ मिलिलिटरच्या पुढे गेलंय का, आणि ट्रायकस्पिड या उजव्या बाजूच्या झडपेतल्या गळतीचा वेग सेकंदाला २.८ मीटरपेक्षा जास्त आहे का. तुम्ही पाठवलेल्या कागदावर यातलं काहीच नाही, फक्त ईएफ आणि शेरा आहे. इको करणाऱ्यांना हे आकडे मोजायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. सोबत ईसीजी हवा, कारण एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे ठोक्यांची अनियमितता याच मंडळींत वारंवार सापडते. आणि एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी. ती १२५च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी होते, पण लठ्ठ माणसांत हा आकडा मुळातच कमी येतो. त्यामुळे वडिलांच्या बाबतीत नॉर्मल आला म्हणून प्रकरण मिटलं असं समजायचं नाही.

घरीच विचारण्यासारखे प्रश्न यापेक्षाही कामाचे आहेत. रात्री एका उशीऐवजी दोन-तीन लागतात का? झोपल्यावर तासा-दोन तासांनी दम लागून उठून बसावं लागतं का? मांडी घालून ताटावर वाकलं की, किंवा चपलेचा पट्टा लावायला वाकलं की श्वास कोंडतो का? यातलं एक जरी 'हो' असेल तर माझा कौल हृदयाच्या बाजूने जास्त झुकतो. डॉक्टरांनी ४५ अंशात निजवून मानेची शीर बघितली का, हेही आठवा. ती फुगलेली असेल आणि उजव्या बरगडीखाली दाबल्यावर आणखी वर चढत असेल तर पाणी हृदयामुळे साचतंय. सिरॉसिसमध्ये ती शीर सहसा फुगत नाही. जाता जाता लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. सुजेला मूत्रपिंडही कारण असू शकतं, आणि दहा वर्षं जुन्या शुगरमध्ये ते विसरून चालत नाही.

आता मूळ प्रश्न. फॅटी लिव्हर आणि हार्ट फेल्युअर यांचा संबंध आहे का? आहे, आणि चांगला पक्का आहे. लाखो लोकांवर नजर ठेवलेले अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा फॅटी लिव्हर असलेल्यांत पुढे हार्ट फेल्युअर होण्याचा धोका सुमारे दीडपट दिसला. वय, शुगर, बीपी यांचा हिशोब बाजूला काढल्यावरही काही धोका उरतो, आणि लिव्हरमध्ये व्रण म्हणजे फायब्रोसिस जितका जास्त तितका तो वाढत जातो. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लिव्हर नसून हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार आहेत. आमच्या ओपीडीत 'डॉक्टर, लिव्हर खराब होईल का?' हा प्रश्न रोज येतो. 'माझ्या हृदयाचं काय?' असं विचारणारा क्वचितच भेटतो.

पण 'लिव्हरमुळे हृदय बिघडतं' असं सरळ म्हणायला मी थोडा कचरतो. दोन्हींच्या मागे बरंचसं एकच कारण असतं: इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आणि पोटातली चरबी. ती चरबी लिव्हरमध्ये साठते, तशी हृदयाच्या बाहेरच्या आवरणाखालीही साठते आणि तिथे स्नायूला कडक करणारी रसायनं सोडते. एवढं मान्य करूनही लिव्हर निरपराध ठरत नाही. चरबीने भरलेलं लिव्हर रक्तात ट्रायग्लिसराइड ओतत राहतं, रात्रभर साखर तयार करतं, दाह वाढवणारी द्रव्यं आणि रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं. बीपी चढतं, रक्तवाहिन्या ताठरतात, डावा कप्पा जाड होत जातो. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि पोटात काही दुखत नाही.

'आमचे वडील काही लठ्ठ नाहीत' असं इथे बरेच जण म्हणतात. वडिलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २८.७ आहे, भारतीय माणसात २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आणि ज्यांचा बीएमआय चांगला दिसतो त्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय काटक आणि पोट सुटलेलं, असा बांधा आपल्याकडे गावोगाव दिसतो. म्हणून वजनकाट्याइतकीच टेपही महत्त्वाची: पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोक्यात धरायचं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती जास्त फसवते. हृदय कमकुवत झालं की लिव्हर बिघडतं. पाटाचं दार खाली टाकलं की पाणी मागे तुंबतं, तसं उजव्या बाजूने रक्त पुढे सरकेना की ते मागे लिव्हरमध्ये साचतं. लिव्हर फुगतं, उजव्या कुशीत जडपणा येतो, भूक मरते, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) दोन-तीनपर्यंत जाऊन डोळे पिवळसर दिसतात. मग घरचे 'कावीळ' म्हणून झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेतात, हातावर डाग देतात, पथ्य म्हणून ताक-भात सुरू होतो आणि त्या ताकातल्या मिठाने सूज वाढते. असे पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा दोन-तीन महिने वाया गेलेले असतात. टीबीमुळे हृदयाभोवतीचं आवरण जाड होऊन आवळलं जातं, तेव्हाही पोटात पाणी होऊन हुबेहूब लिव्हरच्या आजारासारखं दिसतं. पोटात पाणी झालेल्या प्रत्येकाचा एकदा नीट इको व्हावा असा माझा आग्रह असतो, तो यामुळे.

आता सोनोग्राफीतला तो ग्रेड. त्याच्यावर लोकांचा फार जीव. 'ग्रेड २चा १ झाला' म्हणून पेढे देणारेही पाहिलेत. ग्रेड म्हणजे पडद्यावर लिव्हर किती पांढरं दिसतं याचा मशीन चालवणाऱ्याच्या नजरेचा अंदाज. पुढे धोका किती हे त्यावरून कळत नाही. ते फायब्रोसिसवरून कळतं, आणि त्याचा पहिला अंदाज साध्या रिपोर्टांतून फुकट निघतो. एसजीओटी आणि एसजीपीटी हे रक्ततपासणीतले लिव्हरचे दोन आकडे. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट, हजारांत घेऊन, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. वडिलांचं करू: वय ५८, एसजीओटी ४९, म्हणजे २८४२. प्लेटलेट १९०, एसजीपीटी ६४, त्याचं वर्गमूळ ८, म्हणजे १५२०. भागाकार १.८७. याला फिब-४ म्हणतात. १.३च्या खाली असेल तर मोठा फायब्रोसिस बहुधा नाही (पासष्टीनंतर ही रेघ २ धरतात), २.६७च्या वर असेल तर काळजीचं. वडील मधल्या पट्ट्यात आहेत, म्हणून लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करायला हवा.

पण तो लगेच करू नका. लिव्हरमध्ये रक्त तुंबलेलं असलं की फायब्रोस्कॅनचा आकडा खोटाच वाढून येतो. तुंबलेलं लिव्हर मशीनला कडक वाटतं. मी हार्ट फेल्युअरच्या पेशंटला या आकड्यावरून 'सिरॉसिस'चा शिक्का बसलेला पाहिलाय. आधी सूज उतरू द्या, मग तीन तास उपाशीपोटी तपासणी करा. ८ किलोपास्कलच्या खाली आला तर निवांत. जिल्ह्याच्या गावी ही सोय असेलच असं नाही. नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरला चौकशी करा. औषध कंपन्यांच्या मोफत शिबिरात करायला हरकत नाही, फक्त तिथेच लिहून मिळणाऱ्या टॉनिकच्या बाटल्या घेऊ नका.

औषधांत या दोन्ही आजारांच्या चौकात उभं असलेलं आजचं सगळ्यात उपयोगी औषध म्हणजे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी. शुगर उतरते, दोन-तीन किलो वजन उतरतं, लिव्हरची चरबी काहीशी कमी होते, आणि ईएफ चांगला असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण घटतं. २०२१ आणि २०२२च्या मोठ्या चाचण्यांनी ते दाखवून दिलं. पेटंट संपल्यापासून किंमतही आवाक्यात आलीय. पायोग्लिटाझोन काढून याचा विचार करा असं मी तुमच्या डॉक्टरांना सुचवीन. दोन सावधगिऱ्या: लघवीच्या जागी बुरशीची खाज येऊ शकते, स्वच्छता ठेवावी लागते, आणि कडक उपवासाच्या दिवशी, उलट्या-जुलाबात किंवा ऑपरेशनआधी ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लयुक्त होऊ शकतं. नवरात्रात नऊ दिवस निराहार करणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं.

सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने वजन, लिव्हर आणि या प्रकारच्या हार्ट फेल्युअरची लक्षणं तिन्ही सुधारतात, पण खर्च आणि मळमळ दोन्ही बघून ठरवावं लागतं. सॅरोग्लिटाझार हे आपल्या देशात तयार झालेलं औषध, २०२०मध्ये फॅटी लिव्हरसाठी मंजूर झालं. ट्रायग्लिसराइड जास्त असतील तर चांगलं, पण हार्ट फेल्युअर टाळण्यासाठी मी ते देत नाही. आणि एसजीपीटी ६४ आहे म्हणून कोणी कोलेस्टेरॉलची स्टॅटिन बंद केली असेल तर परत सुरू करायला सांगा. नॉर्मलच्या तिप्पट होईपर्यंत ती थांबवायचं कारण नाही, आणि हृदयाला तिचीच गरज आहे. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक-ॲसिक्लोफिनॅकच्या वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर त्या मात्र आजच बंद. त्या मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंड बिघडवतात. सूज वाढवायला त्या एकट्याही पुरेशा आहेत.

खाण्याबद्दल. आपली ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडी, मेथी, शेपू हे या आजारासाठी कुठल्याही छापील डाएटपेक्षा कमी नाही. बिघाड नंतर आला: रेशनच्या तांदळाने आणि गव्हाने ज्वारीची जागा घेतली, करडईच्या तेलाऐवजी पामतेल आलं, आणि दिवसाला सहा-सात गोड चहा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर सात कपांत १४ चमचे होतात, आणि तेवढ्याने लिव्हरला रोजचं काम मिळतं. तरी माझी खरी लढाई मिठाशी असते. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचं, पापड, वर कच्चं मीठ आणि येता-जाता फरसाण. हार्ट फेल्युअरमध्ये सगळं मिळून दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा मीठ. ठेचा पूर्ण सोडा म्हटलं तर कोणी ऐकत नाही, म्हणून मी सांगतो: बिनमिठाचा करा, वर लिंबू पिळा. दारू असेल तर ती पूर्ण बंद. ती लिव्हर आणि हृदयाचा स्नायू दोन्ही थेट बिघडवते, 'थोडी' हा हिशोब इथे चालत नाही.

वजनाचं गणित सूज उतरल्यानंतरच्या वजनावर करा, पाण्यासकटच्या नाही. समजा ते ७५ किलो भरलं. त्यातले चार किलो, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास उतरले की लिव्हरची चरबी कमी होऊ लागते. सात-साडेसात किलो उतरले तर फायब्रोसिससुद्धा मागे हटू शकतो. सहा महिने ते वर्षभराचं काम आहे हे. मोटारसायकल घरी ठेवून बांधापर्यंत पायी जायला हरकत नाही, पण दम लागण्याचा उलगडा झाल्यावर.

लघवीची गोळी सुरू झाली तर एक इशारा, खास आपल्या भागासाठी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो, शेतात घाम जातो, आणि हिवाळ्यात ठरलेला डोस तेव्हा जास्त होतो. उठताना चक्कर, पायांत गोळे, लघवी कमी, वरचं बीपी शंभरच्या खाली, असं दिसलं तर फोन करून डोस कमी करून घ्यावा. 'लिव्हर धुऊन निघतं' म्हणून दिवसाला पाच लिटर पाणी पिण्याचा सल्लाही मोडीत काढा. हार्ट फेल्युअर ठरलं आणि अंगावर सूज असेल तर साधारण दीड ते दोन लिटर, चहा-ताक-वरणाचं पाणी धरून. कडक उन्हात किती वाढवायचं ते डॉक्टर सांगतील.

तोवर वजनकाटा घरात आणा आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, त्याच दिवशी दाखवा. आडवं झोपताच येत नसेल, गुलाबी फेसाळ थुंकी आली, छाती आवळली किंवा माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता १०८ बोलवा. डॉक्टरांकडे जाताना इकोचा पूर्ण कागद, फिब-४चा आकडा आणि सगळ्या स्ट्रिप न्या. मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा.